बिकोचं गाणं, पोचीरामचं नाव

शिबिरांमध्ये जेवणानंतर गप्पा रंगल्या की तरुण कार्यकर्ते मला एक प्रश्न हमखास विचारतात. "सर, वामनदादांच्या गाण्यांवर तुम्ही तासभर बोलता, मग ही इंग्रजी रॉकची भानगड कुठून आली? ते तर श्रीमंतांच्या पोरांचं संगीत."

प्रश्न वरवर साधा आहे. पण त्यात एक गृहीतक दडलंय. कोणी काय ऐकावं हे जन्मावरून ठरतं, असं ते गृहीतक. आणि ते आपलं नाही, मनूचं आहे. म्हणून आज सविस्तर उत्तर देतो.

आधी इतिहास पाहू. रॉक जन्माला आलं ते अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या ब्लूजमधून. कापसाच्या मळ्यांत राबणाऱ्यांच्या, गुलामांच्या नातवंडा-पतवंडांच्या गळ्यातून. चक बेरी आणि लिटल रिचर्ड हे त्याचे पाया घालणारे, दोघेही काळे. एल्विस प्रेस्लीचं 1956 साली गाजलेलं 'हाउंड डॉग' हे गाणं त्याच्या आधी बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेनं गायलं होतं. नाव आणि पैसा कोणाला जास्त मिळाला, हे वेगळं सांगायला नको. लावणी आणि तमाशाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल.

आता माझी गोष्ट. 1988 साली मी दिल्लीत शिकत होतो. मराठवाड्यातल्या सालगड्याचा मुलगा, शिष्यवृत्तीवर वसतिगृहात राहणारा. खोलीतला जोडीदार शिलाँगचा, खासी आदिवासी. त्याच्याकडे गिटार होती आणि कॅसेटींनी भरलेली पत्र्याची पेटी. ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि त्याचा ई स्ट्रीट बँड मी पहिल्यांदा ऐकला तो त्या पेटीतून. जोडीदार एकेक ओळ थांबवून अर्थ सांगायचा. बंद पडलेले कारखाने, कामावरून थकून घरी आल्यावर मुलांशी न बोलणारे बाप, कर्जातली गावं. हे सगळं अमेरिकेत आहे, यावर माझा विश्वासच बसेना! 'बॉर्न इन द यू.एस.ए.' हे गाणं तर व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या आणि कामधंदा न मिळालेल्या माणसाचं. 1984 च्या निवडणूक प्रचारात अध्यक्ष रेगन यांनी याच स्प्रिंगस्टीनचं नाव घेऊन देशाच्या आशेचा गौरव केला. गाण्यातली तक्रार गाळायची आणि गायकाचं नाव तेवढं वापरायचं. बाबासाहेबांचा फोटो लावून त्यांचे प्रश्न गाळणारे आपण रोज पाहतो, त्यातलाच हा प्रकार.

त्या वर्षी मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याला चाळीस वर्षं होत होती. त्यानिमित्त ॲम्नेस्टी इंटरनॅशनलनं जगभर मैफलींचा दौरा काढला होता. 2 सप्टेंबरला लंडनमध्ये सुरुवात, 15 ऑक्टोबरला ब्युनोस आयर्समध्ये शेवट, एकूण वीस कार्यक्रम. 30 सप्टेंबरला तो दौरा दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर आला. स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन आणि सेनेगलचा यूसू न्दूर. जोडीदारानं कुठून तरी दोन तिकिटं मिळवली. आम्ही बसनं गेलो, उरलेलं अंतर पायी तुडवलं.

एवढा मोठा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. ढोलाचा ठोका कानाआधी छातीवर पडत होता. आणि मग ई स्ट्रीट बँडचा सॅक्सोफोनवाला पुढे आला, क्लॅरेन्स क्लेमन्स. धिप्पाड काळा माणूस. गाणं मध्येच त्याच्या हाती सोपवलं जायचं आणि स्प्रिंगस्टीन बाजूला सरून त्याला जागा द्यायचा. सगळं स्टेडियम त्या वाद्याकडे कान लावून होतं.

मला आमच्या गावची लग्नं आठवली. हलगी वाजवणारा मांडवाबाहेर उभा. वाजवणं त्याचं, नाचणं त्यांचं. त्याचं ताट शेवटी, तेही लांब. संगीत हवं, पण संगीत देणारा हात शिवायचा नाही, हा आमच्या व्यवस्थेचा नियम. आणि इथे वाजवणारा मंचाच्या मधोमध, गोऱ्या गायकाच्या खांद्याला खांदा लावून. अमेरिकेत वंशभेद संपला होता असं नाही. पण मंचावर तरी त्यांनी माणसाला मांडवात घेतलं होतं. त्या रात्री मी बेभान होऊन नाचलो. ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो.

त्याच मंचावर पीटर गॅब्रिएलनं 'बिको' गायलं. स्टीव्ह बिको हे दक्षिण आफ्रिकेतल्या कृष्णवर्णीय जाणिवेच्या चळवळीचे नेते. 12 सप्टेंबर 1977 रोजी ते पोलिसांच्या कोठडीत मेले. गॅब्रिएल हा गोरा इंग्रज. त्यानं 1980 साली त्यांच्या नावाचं गाणं केलं आणि ते जगभर नेलं. हजारो लोक मूठ वर करून ते नाव घेत होते. मीही घेत होतो. आणि घेता घेता माझ्या ओठांवर दुसरंच नाव आलं, पोचीराम कांबळे.

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. वस्तीतली बायका-पोरं उसाच्या फडात लपून रात्र काढत होती. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावात मातंग समाजातल्या पोचीराम कांबळेंना मारलं गेलं, ते याच दिवसांत. बिकोंच्या मृत्यूनंतर वर्षही पुरतं झालं नव्हतं. 1988 साली, मी त्या स्टेडियममध्ये उभा होतो तेव्हा, नामांतर झालेलंच नव्हतं. ते व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं.

पोचीराम यांचं नाव गाण्यात आलं नाही का? आलं ना. आमच्या शाहिरांनी ते कंदिलाच्या उजेडात, फाटक्या माईकवर गायलं. पण या देशातल्या एखाद्या सवर्ण गायकानं, कॉलेजच्या महोत्सवात गाजणाऱ्या एखाद्या रॉक बँडनं ते नाव घेतल्याचं माझ्या कानावर कधी आलं नाही. बिकोसाठी मूठ वर करणाऱ्या दिल्लीच्या गर्दीतल्या किती जणांना टेंभुर्णी ठाऊक होतं? परदेशी अन्यायावर रडणं सोपं असतं. त्यासाठी स्वतःच्या घरातलं काही सोडावं लागत नाही.

ज्या जाहीरनाम्याचा उत्सव चालला होता, तो 10 डिसेंबर 1948 चा. भेदभावाची कारणं सांगणाऱ्या त्याच्या दुसऱ्या कलमात वंश, वर्ण, लिंग, भाषा, धर्म हे शब्द आहेत. 'जन्म' हाही शब्द आहे. 'जात' नाही. त्याच्या अकराच दिवस आधी, 29 नोव्हेंबर 1948 रोजी, आपल्या घटना समितीनं अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर केलं होतं. जगाच्या कागदावर जे नाव आलं नाही, ते बाबासाहेबांनी मसुदा केलेल्या राज्यघटनेत आलं, सतराव्या कलमात. म्हणून मानवी हक्कांची भाषा आपण कोणाकडून उसनी घेतलेली नाही. त्या भाषेतली रिकामी जागा आपण भरली आहे.

तेव्हा मित्रांनो, रॉक ऐकायचं की भीमगीतं, हा वादच खोटा आहे. दलित पँथरनं 1972 साली ब्लॅक पँथरकडून नाव घेतलं, म्हणून ती परकी झाली नाही. 2018 च्या जानेवारीत चेन्नईत पा. रंजित यांच्या पुढाकारानं 'कास्टलेस कलेक्टिव्ह' मंचावर आला. गाना, रॅप आणि रॉक एकत्र, आणि विषय थेट जात. नावही अयोथी दास यांच्या 'जातिविरहित तमिळ' या विचारातून घेतलेलं. मी ते पाहिलं तेव्हा त्या शिलाँगच्या मित्राला पहिला फोन केला.

गिटार शिका, हलगी सोडू नका. मोठा मंच मिळाला तर मागे उभे राहू नका, मधोमध जा. आणि तिथे आपल्या शहिदांची नावं घ्या, स्पष्ट आणि मोठ्यानं. आपल्यासाठी दुसरं कोणी ती घेईल, याची वाट बघत बसण्यात आधीच खूप वर्षं गेली आहेत.

जयभीम!