पीण्याचे कान, मिरिस्साचा समुद्र

पीण्यात काम करणारा माणूस डोळ्यांपेक्षा कानांवर जास्त विसंबतो, हे बाहेरच्याला पटत नाही. बंगळूरच्या तुमकूर रोडला लागून 1970च्या दशकापासून वाढत गेलेली ही औद्योगिक वसाहत म्हणजे शेडला चिकटून शेड. इथे पॉवर प्रेस, तिथे ग्राइंडिंग, मागच्या गल्लीत प्लेटिंग आणि सगळीकडे सीएनसी. बाहेरून येणाऱ्याला हा नुसता गोंगाट वाटतो. पण चार वर्षं काढलेला सेटर चहाचा ग्लास हातात धरून पाठमोरा उभा असला, तरी सांगतो, तीन नंबरच्या मशीनचं टूल ओरडतंय, बदला. मायक्रोमीटरने नंतर मापलं की तो बरोबर निघतो. तुमकूर रोड पुढे बेळगाव, कोल्हापूर करत पुण्याला जातो. त्याच रस्त्याने आलेल्या आमच्यासारख्या मराठी मंडळींनाही पीण्याने पहिला धडा हाच दिला : आधी ऐक, मग बघ.

अशा कानांच्या आम्ही काही जणांनी संक्रांतीच्या सुट्टीला जोडून श्रीलंकेला जायचं ठरवलं. बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर. इथल्या माणसाची पाण्याशी गाठ टँकरच्या निमित्ताने पडते, तेवढीच. मुलीला शाळेत कोणीतरी सांगितलं होतं की, जगातला सगळ्यांत मोठा प्राणी बघायला ध्रुवाकडे जावं लागत नाही, कोलंबोच्या पुढे मिरिस्साला गेलं तरी पुरतं. विमानाने दीड तासाच्या आसपास कोलंबो, तिथून दक्षिण एक्सप्रेसवेने खाली. ‘एवढ्यात तर कधीकधी आपल्या गोरगुंटेपाळ्याचा सिग्नल सुटत नाही,’ असं आमचा सेटर म्हणाला आणि तोही सहकुटुंब तयार झाला.

मिरिस्सा हे बेटाच्या दक्षिण टोकाजवळचं गाव. संध्याकाळी किनाऱ्यावर वाळूत टेबलं मांडून मासे भाजतात आणि जगभरचे तरुण अनवाणी फिरतात. पहाटे मात्र खरं गाव दिसतं ते बंदरात. मासेमारीच्या बोटी रात्रभराचा माल उतरवत असतात, बर्फाच्या गाड्या उभ्या असतात आणि त्याच गर्दीतून पर्यटकांच्या दुमजली बोटी वाट काढतात. नारिंगी लाइफ जॅकेटं चढवून आम्ही वरच्या मजल्यावर बसलो. एका पोऱ्याने सगळ्यांना आल्याच्या गोळ्या वाटल्या. सौभाग्यवतींनी त्या नम्रपणे नाकारल्या आणि पिशवीतून आलेपाकाचा डबा काढला. ‘अहो, तुम्ही दोन वड्या घ्या. घाटावरच्या पोटाचा भरवसा नाही,’ असा निकाल तिने सगळ्यांदेखत दिला.

निकाल योग्य होता. धक्क्याची भिंत मागे पडताच बोट एका बाजूने उचलली जाऊ लागली आणि दुसऱ्या बाजूने बसू लागली. आमच्यातले सर्वांत धिप्पाड गृहस्थ, ज्यांचा आवाज पॉवर प्रेसच्या वर चढतो, ते कठड्याला धरून समुद्राशी एकांतात बोलू लागले. न्याहारीची पाकिटं आली तेव्हा अर्धी बोट डोळे मिटून होती. उरलेल्या अर्ध्यांना प्रत्येकी दोन पाकिटं मिळाली. आमचा सेटर त्या अर्ध्यांत होता.

डॉल्फिन आले ते न बोलावता. आधी पाणी एका ठिकाणी उकळी फुटावी तसं हललं आणि मग एकामागून एक शेकड्याने त्या सडपातळ काळ्या-करड्या पाठी वर आल्या. हे स्पिनर डॉल्फिन. पाण्यातून सरळ उसळी घेऊन हवेतल्या हवेत स्वतःच्या अक्षाभोवती गिरक्या घेतात आणि मग आडवे पडतात. एका उडीत सात गिरक्यांपर्यंत मजल जाते. असं का करतात, याची एकापेक्षा अधिक उत्तरं अभ्यासक देतात : अंगाला चिकटलेले रेमोरा मासे झटकण्यासाठी, आपटण्याच्या आवाजाने एकमेकांना ठावठिकाणा कळवण्यासाठी, किंवा नुसती मस्ती म्हणून. सेटरला पहिलं उत्तर पटलं नाही, तिसरं पटलं. ‘सार, बिना चकचं फुल आरपीएमला फिरतंय आणि रनआउट शून्य!’ एवढीच त्याची दाद. पण लेथवर आयुष्य घालवलेल्या माणसाकडून याहून मोठी दाद नसते.

बोट पुढे गेली तसं पाण्याचा रंग बदलला. हिरव्याचा निळा झाला आणि निळ्याची शाई. या टोकाजवळ समुद्राखालचा उथळ पट्टा फारच अरुंद आहे. किनाऱ्यापासून थोडक्याच अंतरावर तळ हजार मीटर आणि त्याहून खोल जातो. डावीकडे दोंद्रा हेडचा पांढरा दीपस्तंभ दिसत होता. श्रीलंकेचा हा सर्वांत दक्षिणेचा बिंदू, त्याच्या पुढे थेट अंटार्क्टिका. खोल पाणी इतकं जवळ असल्यामुळे खालचं अन्न इथे वर येतं आणि ते खायला देवमासे किनाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात येतात. बाकी जगातले बहुतेक निळे देवमासे थंड पाण्यात जेवतात आणि गरम पाण्यात बाळंत होतात, त्यासाठी हजारो किलोमीटर जातात. हे इथले मात्र ध्रुवाकडे फिरकतच नाहीत. उत्तर हिंदी महासागरातच जन्मतात, खातात, मरतात. थंड समुद्रातल्या क्रिलऐवजी इथे ते बारीक कोळंबी खातात. हे जगापुढे आणण्यात आशा डी वोस या श्रीलंकन शास्त्रज्ञ बाईंचा मोठा वाटा आहे. 2003 मध्ये एका संशोधन-जहाजावर काम करत असताना त्यांना निळे देवमासे एकत्र आणि पाण्यावर तरंगणारी त्यांची लालसर विष्ठा दिसली. विष्ठा दिसली म्हणजे प्राणी इथेच जेवतो आहे, हा साधा हिशोब. त्यातून त्यांचं आयुष्यभराचं काम उभं राहिलं. शाळेत आम्हाला असल्या गोष्टी कोणी सांगितल्या असत्या तर विज्ञानाचे मार्क वाढले असते.

कप्तानाने हात वर केला आणि इंजिन बंद केलं.

हे मी पीण्याच्या माणसाच्या नजरेने लिहितो आहे म्हणून सांगतो, खरा धक्का तिथे बसला. पहाटेपासून पायाखाली थरथरणारं डिझेल थांबलं आणि कानांना काही कामच उरलं नाही. मग उजव्या बाजूने तो आवाज आला. मोठ्या कॉम्प्रेसरचा सेफ्टी व्हॉल्व सुटावा तसा, पण लांबलेला आणि ओलसर. आम्ही सगळे पीण्याकर एकदम त्या दिशेला वळलो. बाकीचे प्रवासी अजून कॅमेरे शोधत होते. पाण्यातून तुषारांचा एक उंच सरळ खांब उभा राहिला, वाऱ्याने वाकला आणि विरला. त्याखालून पाठ येऊ लागली. निळी म्हणतात, पण दिसली ती करडी, फिकट डागांची, ओल्या दगडी फरशीच्या रंगाची. आली, येत राहिली, अजून येतच राहिली. डोकं बुडून गेलं तरी पाठ संपेना. किती वेळाने एकदाचं अगदी शेपटीकडे ते इवलंसं पाठीचं पर आलं. एवढ्या देहाला ते कोणी घाईत वेल्डिंग करून लावल्यासारखं दिसत होतं. इथला निळा देवमासा अंटार्क्टिकाच्या मानाने लहान जातीचा. तरी वीस-बावीस मीटरचा सहज असतो. आमची बोट त्याच्याहून आखूड होती, हे लक्षात आल्यावर कठड्यावरची काही मंडळी बोटीच्या मध्यावर सरकली.

मग शेपूट वर आली. दोन्ही पाती आडवी, कडांवरून पाण्याचे पडदे ओघळत. तिरकी झाली आणि सरळ आत गेली. पाणी उडालं नाही की आवाज झाला नाही. मागे उरला तो पाण्याचा गुळगुळीत गोल तुकडा. शेपटीच्या जोरकस फटक्याने वर ढकललेल्या पाण्याने तेवढ्या भागातल्या लाटा इस्त्री केल्यासारख्या बसतात. कप्तान म्हणाला, आता दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मुलगी म्हणाली, ‘बाबा, त्याच्या छातीचे ठोके खाली किती पडत असतील?’ हे मला ठाऊक होतं. 2018 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात एका निळ्या देवमाशाच्या अंगावर यंत्र चिकटवून शास्त्रज्ञांनी ते मोजलं. डुबकीत मिनिटाला कमीत कमी दोन ठोके, आणि वर श्वास घेताना सदतीसपर्यंत. तिने स्वतःच्या मनगटावर बोट ठेवलं आणि मोजत बसली.

त्या थांबण्यात मी क्षितिजाकडे बघितलं. कंटेनरवाहू जहाजांची रांग. मलाक्काहून सुएझकडे आणि उलट जाणारा, जगातल्या सर्वांत गजबजलेल्या सागरी मार्गांपैकी एक, नेमका याच टोकाला वळसा घालतो. देवमाशाच्या जेवणाचं ताट आणि जगाच्या व्यापाराचा हमरस्ता एकाच जागी. मार्च 2012 मध्ये कोलंबो बंदरात एक कंटेनर जहाज शिरलं, तेव्हा त्याच्या नाळेवर मेलेला निळा देवमासा आडवा अडकलेला होता.

धडक दिसते तरी. आवाज दिसत नाही. पाण्यात उजेड थोड्याच खोलीपर्यंत पोचतो, आवाज मात्र सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर, म्हणजे हवेच्या चौपटीहून अधिक वेगाने जातो. म्हणून हा प्राणी कानांवर जगतो. त्याच्या हाका इतक्या खालच्या सुरात असतात की त्यातलं बरंचसं माणसाला ऐकूही येत नाही, पण पाण्यात त्या शेकडो किलोमीटर जातात. जगात वेगवेगळ्या समूहांची गाणी वेगवेगळी आहेत. श्रीलंकेच्या समूहाचं गाणं 1984 मध्ये त्रिंकोमालीजवळ नोंदवलं गेलं. तेच गाणं अलीकडे दिव्या पणिक्कर यांनी लक्षद्वीपच्या पाण्यात ध्वनिग्राहक ठेवून टिपलं. म्हणजे हे शेजारी आपलेही आहेत. 2015 मध्ये सिंधुदुर्गात कुणकेश्वरच्या समुद्रात निळे देवमासे दिसले होते. नोव्हेंबर 2023 मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचं पिल्लू अडकलं, तेव्हा अख्खा गाव, यंत्रणा, जेसीबी, टगबोट राबली. पिल्लू पाण्यात गेलं, पण वाचलं नाही.

जहाजाचा गोंगाट येतो मुख्यतः पंख्यातून. पाती जोरात फिरली की त्यांच्यामागे दाब पडतो, बुडबुडे तयार होतात आणि फुटतात. पंपाचं काम करणाऱ्या पीण्याच्या कुठल्याही पोराला विचारा, तो कॅव्हिटेशन म्हणेल आणि इम्पेलरवर पडलेले खड्डे दाखवेल. या फुटण्याचा सूर खालचा असतो, नेमका देवमाशाच्या बोलण्याच्या पट्टीतला. 11 सप्टेंबर 2001च्या हल्ल्यानंतर काही दिवस कॅनडाच्या फंडी उपसागरात जहाजं कमी झाली, पाण्यातला आवाज 6 डेसिबलने उतरला आणि तिथल्या राइट देवमाशांच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकं घटलेली आढळली. माणसं हादरलेली असताना समुद्रातल्या कोणाला तरी थोडी विश्रांती मिळाली होती.

उपाय अवघड नाही, हे यातलं सर्वांत मोठं आश्चर्य. जहाजांचा मार्ग सुमारे 15 नॉटिकल मैल दक्षिणेला सरकवला तर निळ्या देवमाशांना धडक बसण्याचा धोका 95 टक्क्यांनी घटतो, असं शास्त्रज्ञांनी मांडलं. एमएससी या कंटेनर-वाहतुकीतल्या बड्या कंपनीने 2022 पासून आपली जहाजं तशी नेण्याचं ठरवलं. वेग कमी केला की आवाजही कमी होतो. फीड कमी केला की फिनिश सुधारतो, हे आम्ही रोज करतो. फक्त त्यासाठी कोणीतरी सेटिंगला हात घालावा लागतो.

तेवढ्यात पुन्हा तुषार उडाले, या वेळी लांब. आणि मिरिस्साची दुसरी बाजू दिसली. यादवी युद्ध 2009 मध्ये संपल्यानंतर इथे पर्यटन फोफावलं, बोटी वाढल्या. एकाने बघितलं की रेडिओवर सगळ्यांना कळतं. पाच-सहा बोटी भरधाव त्या दिशेला सुटल्या, एक तर थेट त्याच्या वाटेवर आडवी गेली. देवमाशाने पुरता श्वास न घेताच बुडी मारली. आमच्या बोटीवरही ओरडा सुरू झाला, जवळ घ्या, अजून जवळ घ्या. पैसे दिलेत ना! कप्तान हलला नाही. ‘नो चेस,’ एवढंच म्हणाला. ज्यांचे फोटो बरे आले नाहीत ते चिडले. मघाचे धिप्पाड गृहस्थ तोंड पुसत उठले आणि आपल्या प्रेस-शॉपच्या आवाजात गरजले, ‘त्याला श्वास तर घेऊ द्या!’ दोन्ही मजले गप्प झाले.

मिरिस्साला जायचं असेल तर नोव्हेंबर ते एप्रिलमध्ये जा, तेव्हा समुद्र शांत असतो. आलेपाक न्या. बंदराच्या रस्त्यावर दलाल तुम्हाला देवमासा शंभर टक्के दाखवण्याची, अगदी हात लावता येईल इतकं जवळ नेण्याची हमी देतील. त्यांना एकच विचारा : तुमचा कप्तान इंजिन कधी बंद करतो? या प्रश्नाचं सरळ उत्तर जो देईल, त्याच्याच बोटीत बसा.