पावाऐवजी खारी

आपाच्या धाकट्याला गेल्या वर्षी अठरा पूर्ण झाली. उंचीला तो माझ्यापेक्षा चार बोटं जास्तच. तरी दोन वर्षांपूर्वीपर्यंत सकाळी त्याच्या शर्टाची बटणं आपाच लावायची. त्याला बौद्धिक अक्षमता आहे. बोलतो थोडं, समजतं बरंच. हे 'बरंच' म्हणजे किती, ते घरात कुणी पाहिलंच नाही, कारण प्रत्येक कामाला त्याच्या आधी आम्ही धावायचो.

विशेष शाळेतल्या बाईंनी एका पालकसभेत विचारलं, "तुमच्यानंतर याचं काय?" आपाने घरी येऊन बाईंनाच बोल लावले. दुल्हाभाई कुवेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तू आहेस ना." मी हो म्हणालो. त्या रात्री मला झोप लागली नाही, हेही सांगून टाकतो.

बाईंचा उपाय साधा होता. सगळी बटणं आपाने लावायची, शेवटचं त्याने. ते जमलं की शेवटची दोन. असं उलट्या टोकाकडून शिकवलं की काम पुरं केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी त्याच्या वाट्याला येतो. सहा बटणांना अडीच महिने लागले. त्याच्यापेक्षा आपाला जड गेलं. बाहेर रिक्षावाला हॉर्न मारतोय, उशीर होतोय, आणि हिने हात मागे बांधून नुसतं बघायचं!

मग पाव आणणं. बेकरी जवळच, पण मध्ये रस्ता. पहिले काही आठवडे मी त्याच्या शेजारी चाललो, मग दहा पावलं मागे, मग कोपऱ्यावर थांबून. हिशेब येत नाही म्हणून बेकरीवाल्या चाचांना आधीच सांगून ठेवलं: पन्नासची नोट घ्या, एक लादी द्या, उरलेले पैसे त्याच्या हातात मोजा. एक दिवस साहेब पावाऐवजी खारी घेऊन आले. आपा चिडली. मला मात्र चाचांना पेढे द्यावेसे वाटले. पोराने पहिल्यांदा स्वतःच्या मनाने काही घेतलं होतं.

अठरानंतर आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे आम्हाला बँकेत खातं उघडायला गेल्यावर कळलं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती पालक नेमते. समितीत एक दिव्यांग सदस्यही असतो. अर्ज करा, दिव्यांग प्रमाणपत्र जवळ ठेवा. त्याच न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंत खर्च देते. तीही आम्हाला उशिराच कळली.

रत्नागिरीला समितीपुढे गेलो तेव्हा एका सदस्याने थेट त्यालाच विचारलं, "तुझे कागद कोणी सांभाळायचे?" आपा उत्तर द्यायला लागली, तर त्यांनी हाताने थांबवलं. बराच वेळ गेला. मग त्याने आपाचा दुपट्टा ओढला. म्हणाला, "अम्मी." अठरा वर्षांत हा प्रश्न त्याला आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता.

आता एकट्याने एसटीने जाणं शिकवायचं आहे. आपा म्हणते, पावसाळा संपू दे. गेल्या वर्षीही ती हेच म्हणाली होती, आणि मीही जोर धरला नव्हता.