चार-वीस आणि चार विसा

पंचेचाळिशीत माणसाने नवी भाषा शिकायला घेऊ नये, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे. तरी मे महिन्याच्या सुट्टीत पॅरिसला जायचे ठरले, तेव्हा मी नवी वही घातली आणि रोज संध्याकाळी येरझारा घालीत फ्रेंच क्रियापदे घोकू लागलो. मुले पलीकडच्या खोलीत हसत. वीस वर्षे मराठीचे व्याकरण शिकवणारा मी. मला कसली भीती?

आमचा मुक्काम र्यू मुफतारजवळ होता. पॅरिसच्या पाचव्या विभागातली ही जुनी, उतरती, फरसबंद गल्ली. दोन्ही बाजूंना फळे, चीज आणि पाव यांची दुकाने. उतार संपतो तिथे सेंट मेदार्दचे चर्च. आपल्या मंडईतल्याप्रमाणे इथेही विक्रेते ओरडतात. फक्त आधी 'बाँजूर, मादाम' म्हटल्याशिवाय व्यवहाराला तोंड फुटत नाही.

पहिल्याच सकाळी मी पाववाल्या बाईंकडे 'अं बागेत' मागितला. 'यून बागेत,' असे हळूच म्हणत त्यांनी तो लांबलचक पाव माझ्या हाती दिला. बागेत स्त्रीलिंगी! वास्तविक आपल्याकडे लिंगे तीन, त्यांच्याकडे दोनच. पण ती दोन आपल्याशी जुळतील तर शपथ! सूर्य दोन्हीकडे पुरुष, पण तिथला चंद्र बाई. टेबल स्त्रीलिंगी, पुस्तक पुल्लिंगी. का, ते विचारू नये. आपली खिडकी 'ती' आणि दार 'ते' का, हे तरी कोण सांगणार?

दुपारी फळवाल्याने पीचच्या किमतीत 'कात्र' आणि 'व्हँ' हे शब्द उच्चारले. चार आणि वीस! मी ऐटीत चार युरो वीस सेंट पुढे केले. त्याने त्यातले दोन युरो चाळीस परत दिले. किंमत होती एक युरो ऐंशी. फ्रेंचांचे ऐंशी म्हणजे 'चार-वीस', सत्तर म्हणजे 'साठ-दहा' आणि नव्वद म्हणजे 'चार-वीस-दहा'! हसू आले आणि एकदम आजी आठवली. ती शाळेत गेली नव्हती. आपले वय 'चार विसा' सांगायची, आणि आम्ही शिकलेली नातवंडे तिची टर उडवायचो.

त्या रात्री झोप लागेना. आजीमागोमाग आणखी कोणी आठवले होते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक तामिळभाषक मुलगी होती. निबंध वाचताना ती 'माझी घर' म्हणाली. मी तेच शब्द तिच्या स्वरात म्हणून दाखवले. वर्ग खो खो हसला. तिच्या मायबोलीत घर, भिंत, दगड यांत 'तो, ती, ते' असा भेदच नाही, हे मला पाठ होते. परीक्षेत मी ते लिहिलेही होते! त्या वर्षी ती वर्गात पुन्हा बोलली नाही. आणि इथे पाववाल्या बाई माझी चूक सुधारताना हसल्यासुद्धा नव्हत्या.

शेवटच्या सकाळी मी नीट म्हटले, 'यून बागेत, सिल व्हू प्ले.' 'त्रे बियँ!' बाई म्हणाल्या. नापास होता होता उत्तीर्ण झालेल्या मुलासारखा मी बाहेर आलो.

जूनमध्ये कॉलेज उघडले. आता वर्गात कुणाचे लिंग चुकले की बरोबर शब्द मी हळूच उच्चारतो आणि वाचन पुढे चालू ठेवतो. ती मुलगी मात्र आता कुठे आहे, ते मला ठाऊक नाही.