बिनदाराचे गाव आणि दाराचा अलार्म

अहिल्यानगर सोडून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याला लागले, की तासाभराच्या आत घोडेगाव येते. कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या या गावातून डावीकडे वळणारा रस्ता पाच-सहा किलोमीटरवर शनिशिंगणापूरला पोहोचतो. दुतर्फा बैलांच्या घाण्यावर चालणाऱ्या रसवंत्या आहेत. आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या बसमध्ये निम्मे मधुमेही होते आणि डॉक्टर म्हणून माझे त्यांच्याकडे लक्ष होते, तरी रसाचे ग्लास हातोहात फिरलेच. यात्रेत पथ्य सांगणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, हा माझा जुना अनुभव आहे.

शिंगणापूरचा देव उघड्या चौथऱ्यावर उभा आहे. काळ्या पाषाणाची ती शिळा, तिच्यावर अखंड ओघळणारे तेल आणि वर आकाश. देवालाच छप्पर नको आणि गावाचा राखणदार तोच, म्हणून घरांनाही दारे नकोत, अशी येथील श्रद्धा. दर्शन आटोपल्यावर मी गावठाणातून फिरलो. जुन्या घरांना चौकट आहे, उंबरठा आहे. पण फळ्या नाहीत, कडी-कोयंडा नाही. चौकटीत पडदा सोडलेला असतो. कुत्री आत शिरू नयेत म्हणून कोणी रात्री एखादी फळी टेकवून ठेवतो, एवढेच. २०११ साली येथे युको बँकेने शाखा उघडली, तेव्हा ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून तिचा गाजावाजा झाला. तिलाही काचेचे दार मात्र होते. त्याच्या आदल्याच वर्षी एका यात्रेकरूच्या वाहनातून ऐवज गेल्याची तक्रार झाली होती आणि २०१५ मध्ये गावाला पोलीस ठाणेही मिळाले. तेव्हा या गावाचे भाबडे कौतुक करण्याचा माझा हेतू नाही.

माझ्या मनात राहिले ते वेगळेच. एका ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या आजींना मी विचारले, “आजी, रात्री भीती वाटत नाही का?” त्या हसल्या. “भ्याव कशाचं, डाक्टर? रातच्याला खोकला वाढला की पलीकडची सून न बोलावता येती.”

मी चोराविषयी विचारले होते. त्यांनी खोकल्याविषयी उत्तर दिले. वैद्यकीयदृष्ट्या त्यांचे उत्तर माझ्या प्रश्नापेक्षा शहाणपणाचे होते.

पुण्यात माझ्या रुग्णांच्या घरी भेटीला गेलो, की आधी लोखंडी जाळीचे सेफ्टी डोअर, मग लाकडी दार, त्याला लॅच, वर टॉवर बोल्ट, खाली टॉवर बोल्ट, मधोमध साखळी, असा बंदोबस्त दिसतो. बातम्या वाचून धास्तावलेल्या एकट्या वृद्धांना दोष कसा द्यावा? परंतु अशाच एका बंदोबस्तामागे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी रात्री अकराच्या सुमारास पॅसेजमध्ये पडल्या. खुब्याचे हाड मोडले होते. सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, तेव्हा त्यांचा क्षीण आवाज ऐकू आला. शेजाऱ्यांकडे लॅचची किल्ली होती. पण आतले बोल्ट लावलेले होते. दार कापायला माणूस मिळेपर्यंत आणखी दीड तास गेला. वृद्ध व्यक्ती तासाभराहून अधिक काळ जमिनीवर पडून राहिली, तर मोडलेल्या हाडाखेरीज इतर संकटेही उभी राहतात. दबलेले स्नायू विरघळू लागून त्यांचा भार मूत्रपिंडांवर पडतो, शरीरातले पाणी आटते, अंग गार पडते आणि पाठीवर, टाचेवर शय्याव्रणांची सुरुवात होते. या आजी वाचल्या. मात्र त्यांना अतिदक्षता विभागात नऊ दिवस काढावे लागले ते हाडामुळे नव्हे, मूत्रपिंडांमुळे.

हे सारे त्या संध्याकाळी शिर्डीच्या मुक्कामात पुन्हा डोक्यात आले, कारण आमच्यातल्या एका दांपत्याने परदेशातील मुलाने पाठवलेला दाराचा अलार्म सोबत आणला होता. पाचरीसारखे छोटेसे यंत्र. आत उघडणाऱ्या दाराच्या फटीत ते जमिनीवर सरकवायचे. बाहेरून कोणी दार ढकलले, की पाचर घट्ट बसून दार अडते आणि वरची पट्टी दाबली जाऊन भोंगा वाजतो. बाहेर उघडणाऱ्या दाराला त्याचा उपयोग नाही आणि गुळगुळीत, ओल्या फरशीवर ते घसरते. रात्री अडीचला शेजारच्या खोलीतील एक गृहस्थ चुकून यांचे दार ढकलू लागले आणि सारा मजला जागा झाला. काकू थरथरत बटण शोधत होत्या. काकांनी मात्र कूस बदलली आणि ते झोपी गेले. त्यांचे श्रवणयंत्र डबीत होते.

सकाळी चहावर यावरून पुष्कळ हशा झाला, पण त्यात एक महत्त्वाची गोष्ट आहे. वयानुसार येणाऱ्या बहिरेपणात प्रथम उंच पट्टीचे आवाज हरवतात, आणि असे बहुतेक भोंगे नेमके उंच पट्टीतच किंचाळतात. घरातील वृद्धाने जागे व्हावे म्हणून अलार्म घेत असाल, तर आधी त्यांना श्रवणयंत्राविना झोपल्या जागेवरून तो ऐकवून पाहा. खालच्या, जाड पट्टीतला आवाज अशा कानांना अधिक चांगला जागवतो. उशीखाली थरथरणारी यंत्रेही मिळतात.

पर्सला लटकवायचा, पिन ओढली की वाजणारा अलार्म पहाटे फिरायला जाणाऱ्यांसाठी मला बरा वाटतो. वेष्टनावर १२० किंवा १३० डेसिबल लिहिलेले असते, पण तो आकडा अगदी जवळचा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले, की आवाज सुमारे सहा डेसिबलने उतरतो. मध्ये भिंत आली की फारच. एवढा आवाज कानाशी वाजवणे कानाला घातक आहे, म्हणून नातवंडांना खेळायला देऊ नये. संधिवाताने बोटे आखडली असतील तर पिन त्यांना ओढता येते का, हे दुकानातच पाहावे. घरात पडण्याची भीती असेल, तर हाच अलार्म गळ्यात हवा, न्हाणीघरातसुद्धा. खुंटीवरचा अलार्म जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हाताला लागत नाही. न्हाणीघरासाठी पाणी सोसणारा घ्यावा.

तिसरा प्रकार सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी. एक तुकडा दाराला, दुसरा चौकटीला. एकात लोहचुंबक असते. दार उघडून दोन्ही दूर झाले की आवाज होतो. चोरासाठी म्हणून तो विकला जातो, पण स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या घरांना मी तो आवर्जून सुचवतो. आजोबा मध्यरात्री ‘ऑफिसला’ निघाले, की सुनेला कळते. त्यांना बाहेरून कुलूप घालून कोंडण्यापेक्षा हे शतपटीने बरे. आग लागली तर कोंडलेला माणूस बाहेर कसा येणार? येथे किंचाळणाऱ्या भोंग्याऐवजी साधी किणकिण निवडावी. भोंग्याने स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बिथरतो. शिवाय अशा यंत्रांत बऱ्याचदा बटणासारखे सेल असतात. लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत तेथे गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. सेलच्या झाकणाला स्क्रू असलेलेच यंत्र घ्यावे.

पाचरीचा अलार्म घरी रोज लावणाऱ्यांना मी त्यापासून परावृत्त करतो. प्रवासात, दोघे एका खोलीत असताना तो ठीक आहे. एकट्याने राहणाऱ्याने तो लावला, तर आतल्या टॉवर बोल्टसारखाच तो मदतीला येणाऱ्यालाही अडवतो. त्याऐवजी बाहेरून किल्लीने उघडणारे चांगले कुलूप, पीपहोल, दारापुढे दिवा आणि चुंबकाचा अलार्म, एवढे पुरते. कुलुपाच्या दोन जादा किल्ल्या कराव्यात. एक नातेवाइकांकडे असते. दुसरी त्याच मजल्यावर हवी.

तातडीच्या वेळी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. ज्येष्ठांची १४५६७ ही हेल्पलाइन सल्ला आणि आधारासाठी आहे, भोंगा वाजल्यावर धावून येण्यासाठी नव्हे. हे क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून फोनपाशी लावावेत, जमिनीवरून दिसतील इतके खाली.

आणि अलार्म आणलात, की शेजाऱ्यांना सांगून एखाद्या दुपारी दार लावून तो वाजवा. टीव्ही चालू असताना, पंखा फिरत असताना त्यांना तो ऐकू येतो का, ते त्यांनाच विचारा. ऐकू आला नाही, तर यंत्राची जागा बदलून पुन्हा वाजवा.