रूळ आणि अक्षरे

पुणे-मिरज लोहमार्ग १९७१ साली रुंद मापाचा झाला. तोवर सातारा-सांगलीकडील माल रेल्वेने मुंबईस जावयाचा म्हणजे पुण्यास एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरावा लागे. कारण इकडील रुळांतले अंतर एक मीटर, तर मुंबईच्या मार्गाचे १,६७६ मिलिमीटर. तोच प्रकार पुढे मराठी अक्षरांच्या वाट्यास आला. आमच्या वडिलांनी १९९८ साली साताऱ्यास संगणकावर टाइप करविलेल्या आठवणी सांगलीस भगिनींच्या नव्या संगणकावर उघडल्या, तो सारी निरर्थक रोमन चिन्हे! त्या काळचे बहुतेक फाँट रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच मराठी आकार बसवीत. फाँट गेला की मजकूर मुका. युनिकोडने १९९१ साली देवनागरीस स्वतंत्र क्रमांक दिले, हे उत्तमच झाले. सुधारणेस आमचा विरोध नाही. रूपांतराची साधनेही आहेत, परंतु ती फाँटागणिक निराळी, आणि जोडाक्षरे तपासावयाची ती घरच्यांनीच. पुण्याच्या फलाटावर निदान हमाल तरी असे! जो रूळ बदलतो, त्यानेच जुना माल पलीकडे पोहोचवावा, एवढेच आमचे मागणे. गूळ पुढल्या हंगामी पुन्हा होईल; वडिलांच्या आठवणी पुन्हा कोण सांगणार?