काकांची एमजीबी आणि अ‍ॅबिंग्डन

ऑक्सफर्डला आलेली माणसं आधी कॉलेजं बघतात. मी आधी बघितलं काकांचं गॅरेज. आत १९६५ सालची लाल एमजीबी उभी होती. दोन सीटांची, कापडी छताची. बडोद्याला इंजिनियर होऊन इथे आलेल्या काकांनी ती सेकंडहँड घेतली, ती आजतागायत सांभाळली.

हिवाळाभर गाडी हलली नव्हती, बॅटरी उतरली होती. मी चार्जरचे चिमटे उचलले, तसे काका ओरडले, "थांब गं! आधी दार उघड, मग छत खाली कर."

या गाडीत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, सीटांच्या मागे, झाकणाखाली. चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो. बंद जागेत तो साठला, तर एक ठिणगी पुरते. काकांच्या भुवईवरचा व्रण आम्ही क्रिकेटचा समजायचो. तो याच गॅरेजातला निघाला. चार्जर चालू असतानाच त्यांनी चिमटा ओढला, बॅटरी फुटली, तोंडावर अ‍ॅसिड उडालं. चष्म्यामुळे डोळा वाचला.

म्हणून आधी चिमटे, मग बटण. काढताना आधी बटण बंद. लाल चिमटा नेहमी पॉझिटिव्हलाच. पण १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॉडीला पॉझिटिव्ह जोडलेलं असे, आजच्या गाड्यांच्या उलट. तार सोडताना बॉडीची आधी सोडायची आणि लावताना शेवटी लावायची. मग पाना पत्र्याला टेकला तरी शॉर्ट होत नाही.

दोन बॅटऱ्यांना जोडणारी तार गंजली होती. नवी टपालाने येणार होती. तोवर काका म्हणाले, "चल, हिचं माहेर दाखवतो."

अ‍ॅबिंग्डन ऑक्सफर्डपासून बसने दहाएक किलोमीटर, थेम्सकाठचं जुनं गाव. १९२९ ते १९८० एमजी गाड्या इथे बनल्या. सतराव्या शतकातल्या काउंटी हॉलच्या म्युझियममध्ये एक एमजीबी ठेवलेली आहे. काका तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. कारखाना बंद झाला, तरी एमजी कार क्लबचं कार्यालय अजून गावातच आहे. एमजी नावारूपाला आणणाऱ्या सेसिल किंबर यांचं नाव त्या इमारतीला दिलं आहे.

कारखाना नाही, मग पार्ट मिळतात कसे? १९६२ पासून पाच लाखांहून जास्त एमजीबी बनल्या, त्यामुळे मागणी टिकून आहे. जवळच्या विटनी गावात तर जुन्याच साच्यांवर अख्खी बॉडी नव्याने बनते. मात्र ऑर्डर देताना नुसतं "एमजीबी" सांगून चालत नाही, चासी नंबर लागतो. १९६४ मध्ये इंजिन बदललं, १९६७ मध्ये डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला. शिवाय आधीच्या मालकाने काय बदललंय, ते झाकण उघडून स्वतः बघावं लागतं.

तार आली त्या दिवशी काकांनी पाना माझ्या हातात दिला. त्यांचे हात आता थरथरतात. "बॉडीची शेवटी," ते एवढंच म्हणाले.

दुसऱ्या झटक्यात इंजिन सुरू झालं. काका घरात गेले, एक पुठ्ठा आणला आणि सगळा क्रम माझ्याकडून त्यावर मराठीत लिहून घेतला. गॅरेजच्या भिंतीवर तो आता टांगलेला आहे. खाली त्यांच्या नातवाने त्याचं इंग्रजी केलंय. पुढच्या हिवाळ्यात मी बडोद्याला असेन. पाना त्याच्या हातात असेल.