उचल, आमचूर आणि शर्त

मोलगीच्या बाजारात आमचूर येतो तो उन्हाळ्याच्या अखेरीस. सातपुड्याच्या पाड्यांतली माणसे कैऱ्या सोलून, कापून उन्हात वाळवतात. फोड पांढरी राहिली तर भाव. पावसात भिजून काळी पडली तर मिळेल ते. पण पुष्कळांचा सौदा त्याआधीच झालेला असतो. बियाण्यासाठी, आजारपणासाठी दुकानातून उचल घेतलेली असते आणि शर्त एकच, माल दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही. भाव? त्या दिवशी दुकानदार सांगेल तो.

आमच्या नात्यातले एक मामू या व्यापारात आहेत. ते म्हणाले, "बेटा, मी एक पैसा व्याज घेत नाही. मग यात गैर काय?"

सौद्यातल्या शर्तीवर इमामांतही मतभेद आहेत. अब्दुल वारिस यांनी तिघांना एकच मसला विचारल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. इमाम अबू हनीफा म्हणाले, सौदाही बातिल, शर्तही बातिल. इब्ने अबी लैला म्हणाले, सौदा कायम, शर्त बातिल. इब्ने शुब्रुमांनी दोन्ही कायम ठेवले. प्रत्येकाजवळ हदीस होती. इब्ने शुब्रुमांजवळ हजरत जाबिर (रजि.) यांच्या उंटाची: उंट प्रेषितांना (स.) विकला, पण मदिन्यापर्यंत त्यावरच बसून जाण्याची शर्त ठेवली. मुलांना ही हदीस सांगायला आम्हाला फार आवडते. रिवाजातली शर्त तर हनफी फिक्हलाही चालते. फ्रिजबरोबर मिळणारी वर्षभराची दुरुस्तीची हमी त्यातलीच.

मामूंची शर्त मात्र या मतभेदात बसत नाही. कर्ज आणि विक्री एकमेकांना बांधायला प्रेषितांनी (स.) मनाई केली आहे. उचल दिली म्हणून किलोमागे जे कमी दिले, ते व्याजच. फक्त वहीत दिसत नाही.

द्यायचे तर कर्जे-हसना द्यावे, माल त्याने कुठेही विकावा. नाहीतर सलम करावा: वजन, प्रत, तारीख, भाव आधी ठरवून पूर्ण रक्कम त्याच बैठकीत हातात. मग भाव थोडा कमी ठरला तरी हरकत नाही, तो दोघांच्या मर्जीने आधी ठरलेला असतो. करारापासून ताबा मिळेपर्यंत माल बाजारात मिळत राहावा, ही हनफींची अटही वाळवून साठवलेल्या आमचुराला लागू पडते.

"आणि मोहोरच गळाला तर?" मामूंनी विचारले. तर दिलेली रक्कम तेवढीच परत घ्यायची, किंवा पुढच्या हंगामापर्यंत थांबायचे. वर एक रुपया नाही. हे ऐकून ते बराच वेळ गप्प होते.

तूर्त त्यांनी दोन कुटुंबांशी सलम केला आहे. कागद आम्ही मराठीत लिहिला, आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने तो त्यांच्या बोलीत वाचून दाखवला. बाकीच्यांची जुनी वही अजून तशीच आहे. तिच्यावर आमचे आणि मामूंचे बोलणे चालू आहे.